चौकटीचा हिशेब

मुलांनो, खराट्याच्या चार काड्या घ्या. त्यांचा चौकोन करा आणि कोपरे दोऱ्याने बांधा. आता वरची काडी बोटाने बाजूला ढकलून पाहा. चौकोन लगेच कलतो. मग एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पाचवी काडी तिरकी बांधा. आता तो कलत नाही, कारण त्याचे दोन त्रिकोण झाले आहेत आणि त्रिकोणाला सहजासहजी आकार बदलता येत नाही.

पण घरात अशी तिरकी काडी कोण लावू देईल? दारातून यायचे-जायचे कसे? म्हणून इमारत बांधणारे दुसरा उपाय करतात. खांब आणि तुळई जिथे भेटतात तो सांधा ते इतका पक्का करतात की त्यांच्यामधला काटकोन बदलत नाही. अशा सांगाड्याला इंजिनिअर फ्रेम म्हणतात. आपण चौकट म्हणू. (‘इमारत’ हा शब्द तर तुमच्या उर्दूतलाच आहे. मराठीतला ‘हिशेब’ही तुमचाच ‘हिसाब’ आहे.)

मी बीजगणित शिकवते. इंजिनिअरिंगशी माझा संबंध आला तो माझ्या धाकट्या भावामुळे. घरात त्याला आम्ही ‘छोटे’ म्हणतो. तो सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. चौकटीवर भार आला की कोणत्या भागाला किती ताण बसतो, हे काढण्याचा एक मोठा विषय त्याला होता. रात्री जेवणे झाली की तो वही घेऊन माझ्याकडे येई आणि म्हणे, “आपा, एवढी आकडेमोड तपासून द्या.” तपासता तपासता मलाच त्याची गोडी लागली.

हा विषय अवघड का आहे, ते सांगते. तीन पायांची तिवई घ्या. तिच्यावर घागर ठेवली, तर कोणत्या पायावर किती वजन आले हे समीकरणे मांडून काढता येते. आता चार पायांचे टेबल घ्या. एका पायाखाली कागदाची घडी सरकवली की चारही पायांवरचे वजन बदलते. घागर तीच, जागा तीच, तरी उत्तर वेगळे! समीकरणे तीन आणि अज्ञात संख्या चार. घराच्या चौकटीचेही असेच आहे. दोन खांब पायात घट्ट रोवलेले आणि वर एक तुळई, एवढ्या साध्या चौकटीतही सहा अज्ञात संख्या असतात आणि समीकरणे तीनच मिळतात. उरलेली तीन कुठून आणायची? कोणता भाग किती ताठ आहे आणि तो किती वाकतो, यावरून. मग मजले वाढले की समीकरणेही वाढत जातात. संगणक नव्हते तेव्हा हे सारे हातानेच सोडवावे लागे.

१९३० साली हार्डी क्रॉस या अमेरिकन प्राध्यापकाने एक सोपी रीत छापली. ते इलिनॉय विद्यापीठात शिकवत असत. आधी सगळे सांधे कुलूप लावल्यासारखे घट्ट धरले आहेत असे समजायचे. मग त्यांना मोकळे करायचे. सांध्यावर जो वाकवणारा जोर शिल्लक राहील तो तिथे भेटणाऱ्या भागांत त्यांच्या ताठपणाच्या प्रमाणात वाटायचा. प्रत्येकाला जेवढा मिळाला त्याचा निम्मा त्याच्या दुसऱ्या टोकाला जातो. की पुन्हा वाटणी.

समजा, तुळईच्या दोन्ही टोकांना ६० एवढा जोर आहे आणि तुळई खांबाच्या दुप्पट ताठ आहे. पहिल्या वाटणीत तुळईला ४० आणि खांबाला २० मिळतात. तुळईच्या ४० पैकी निम्मे, म्हणजे २०, समोरच्या टोकाला जातात आणि तिकडचे २० इकडे येतात. त्या २० ची वाटणी केली की खांबाला ६.६७ मिळतात. पुढच्या फेरीत २.२२, मग ०.७४. दर वेळी आधीच्या एक तृतीयांश! ही तर आपली भूमिती श्रेढी. बेरीज सरकत सरकत ३० ला जाऊन टेकते. ते पाहून मी छोटेची वही त्याला परत द्यायलाच विसरले.

त्याच इलिनॉय विद्यापीठात १९५२ साली ढाक्याचा एक तरुण शिकायला गेला. त्याचे नाव फझलुर रहमान खान. उंच इमारतीला आतल्या खांबांच्या जंगलापेक्षा बाहेरच्या भिंतींचीच चौकट करून उभे करावे, पोकळ नळीसारखे, असे त्यांनी दाखवले. शिकागोचा सिअर्स टॉवर अशा नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधून उभा केला आहे. उंची ४४२ मीटर. त्याला आता विलिस टॉवर म्हणतात.

आमच्या घराला मात्र चौकटच नव्हती. अब्बांना रस्त्याकडची भिंत काढून दुकान करायचे होते. आयुष्यभर लूम चालवून त्यांनी पैसे साठवले होते. मिस्त्री म्हणाला, “काही होत नाही, या गल्लीत दहा जणांनी काढली.” छोटेने भिंत ठोकून पाहिली, वरचा मजला कशावर टेकला आहे ते पाहिले आणि म्हणाला, “अब्बा, ही भिंत आडोसा नाही. हाच आपला खांब आहे.” २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेतल्या अनेक इमारती कशा बसल्या, तेही त्याने सांगितले. वर भिंतींनी भरलेले मजले आणि खाली गाड्यांसाठी मोकळे ठेवलेले नुसते खांब. भूकंपाचे केंद्र तिथून २०० किलोमीटरहून दूर होते.

अब्बा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “मग उपाय सांग.” छोटे अजून विद्यार्थीच होता, म्हणून त्याने आपल्या ओळखीच्या एका इंजिनिअरना घरी आणले. त्यांनी दोन खांब आणि एक तुळई यांची चौकट आखून दिली. अगदी वहीतल्यासारखी. तिचा खर्च एवढा झाला की दुकानाच्या मालासाठी पैसेच उरले नाहीत. मला ही गोष्ट अजून लागते. सुरक्षित बांधकाम गरिबाला असे महाग का पडावे?

भिंतीला आरपार भोके पाडून लोखंडी गर्डर घातले, त्यांना टेकू दिले, मग खांब आणि तुळई ओतली. अठ्ठावीस दिवस पाणी मारले. टेकू काढायच्या दिवशी अम्मींना आणि मुलांना शेजारी पाठवले होते. मिस्त्रीने तुळईखाली दोरी ताणून धरली. एक एक टेकू निघाला. तुळई दोरीकडे किंचित झुकली, केसाएवढी, आणि थांबली. अब्बा म्हणाले, “वाकली की!”

“वाकणारच,” छोटे म्हणाला. “तेवढे हिशेबात धरले आहे.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर अब्बा बाहेर उभे होते आणि हातात तीच दोरी होती.