ओळ कुटुंबाची की माणसाची?

लग्नाच्या पाहुण्यांची यादी असो की गणपतीची वर्गणी, आपल्याकडे सगळं एक्सेलमध्ये असतं. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आणलं, तेव्हापासून ही आडव्या-उभ्या रकान्यांची चौकट लोकांना आपली वाटते. वहीसारखी दिसते ना!

मागच्या वर्षी दौलतगंजातल्या एका मंडळाची सभासद-यादी डेटाबेसमध्ये घालायचं काम माझ्याकडे आलं. यादी सांभाळणाऱ्या काकांची एकच अट होती. "बेटा, आत काय करायचं ते कर, पण दिसायला एक्सेलसारखंच हवं. एकेका माणसासाठी वेगळं पान उघडत बसणार नाही मी."

काकांचं म्हणणं रास्त होतं. एका वेळी एकच नाव दाखवणाऱ्या फॉर्ममध्ये वरच्या-खालच्या ओळी दिसत नाहीत. रकान्यावरून नजर फिरवली की राहिलेला फोन नंबर किंवा दोनदा आलेलं नाव लगेच सापडतं. म्हणून फॉर्मला चौकटीचंच रूप दिलं. मथळ्याची ओळ जागची हलत नाही, टॅब दाबला की पुढचा रकाना, तळाशी नव्या नावासाठी कायम एक रिकामी ओळ. मोहल्ला टाइप करायचा नाही, यादीतून निवडायचा. घर नंबर ५/२ लिहिला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतो, इथे तो जसाच्या तसा राहतो.

खरा प्रश्न आतल्या मांडणीचा होता. जुन्या यादीत एक ओळ म्हणजे एक कुटुंब: कुटुंबप्रमुख, पत्नी, मुलगा, मुलगी. तिसऱ्या अपत्याला रकानाच नव्हता. मुलीचं लग्न झालं की तिचं नाव पुसायचं. कुटुंबप्रमुख वारले की पहिला रकाना रिकामा, आणि काकू अजून 'पत्नी'च्याच रकान्यात!

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेला विचार इथे कामी आला: प्रत्येक गोष्ट एकदाच, आपापल्या तक्त्यात लिहायची आणि तक्ते एकमेकांना जोडायचे. माणसांचा तक्ता वेगळा, कुटुंबांचा वेगळा, कोण कुठल्या कुटुंबात कोणत्या नात्याने आहे याचा तिसरा. काकांना मी रोजकीर्द आणि खतावणीचं उदाहरण दिलं. नोंद तीच, पण हवी त्या खात्यावर दिसते. फरक इतकाच, की इथे खतावणी आपोआप तयार होते.

आता लेक माहेरच्या यादीतही दिसते आणि सासरच्याही. तिचा फोन नंबर मात्र एकाच जागी बदलावा लागतो. यंदा गणपतीची निमंत्रणं इंदूर-पुण्याला दिलेल्या लेकींनाही गेली, आणि काकूंना त्यांच्या स्वतःच्या नावाने.

तुमच्यापैकी कुणी घरची किंवा मंडळाची यादी करायला बसलात, तर चौकट खुशाल ठेवा. मोठ्यांना तीच सोयीची असते. फक्त पहिली ओळ भरण्याआधी ठरवा, ती ओळ कुटुंबाची आहे की माणसाची.