पाचू कवड्याच्या घरी

बालमित्रांनो, होला कुणाला माहीत नाही? आमच्या आष्ट्यात तो उसाच्या बांधावर दिसतो, तारेवर दिसतो. दुपारी डबे खाऊन झाले की शाळेच्या अंगणात शितं टिपायलाही येतो. पण त्याचा एक भाऊबंद आहे, भारी लाजाळू! त्याचं नाव पाचू कवडा. त्याला आष्ट्यात शोधू नका बरं का. त्याला हवी दाट रानातली सावली.

म्हणून गेल्या मार्चमध्ये आम्ही तिघे शिक्षक एसटीनं निघालो. पेठनाका, शिराळा, कोकरूड करत वारणेच्या काठानं वर गेलो. आष्ट्याच्या दक्षिणेकडून वाहत हरिपूरला कृष्णेला मिळते, तीच ही वारणा. तिच्या वरच्या अंगाचं रान म्हणजे चांदोली. ते २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं. २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे.

वनखात्याची परवानगी काढली, वाटाड्या बरोबर घेतला. थोडं चाललो, तोच पाचोळ्यात खसखस झाली. मला वाटलं, साप! पण झुडपाखालून तुरुतुरु चालत आला एक पक्षी. पंख हिरवेगार, चोच लालभडक, कपाळ पांढरं.

“तो बघा!” मी ओरडलो. झालं! झाडांच्या बुंध्यांमधून, जमिनीलगत, बाणासारखा तो दिसेनासा झाला.

वाटाड्या हसला. “गुरुजी, वर्गात पोरास्नी गप बसवता, अन् इथं तुमीच बोलला!”

मी खजील झालो. मग तासभर आम्ही हूं की चूं न करता बसलो, तेव्हा कुठे तो परत आला. चोचीनं पानं बाजूला सारत बिया टिपू लागला. गळलेली फळं, बिया, कधी वाळवी, हे त्याचं जेवण. ते सारं त्याला जमिनीवरच मिळतं. घरटं मात्र झाडावर, तेही फारसं उंच नाही. चार काटक्या आडव्यातिडव्या रचल्या की झालं! त्यात दोन अंडी. पिल्लांना आईबाप दोघंही आपल्या अन्नपिशवीत तयार होणारं दुधासारखं खाद्य भरवतात.

परतताना रानाबाहेर एक उतार दिसला. वणव्यानं काळाठिक्कर पडलेला. तिथं ना पाचोळा, ना बिया, ना खसखस. वाघाचं रान राखायचं हे आपण ऐकतो, पण पाचोळाही राखावा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. आपण ज्याला कचरा म्हणून काडी लावतो, ते कुणाचं तरी भरलेलं ताट असतं.

आता तुम्हाला एक काम. अंगणात पाणी ठेवा आणि लांब, गप्प बसा. कोंबडी घोट घेऊन मान वर करते. होला कसा पितो? चोच पाण्यात ठेवून सलग ओढतो! पाचू कवडाही तसाच पितो. गप्प बसायला जमलं, की मग चांदोलीला चला.