काठावरचा शब्द

गेल्या वर्षी महाविद्यालयातल्या एका कार्यक्रमात माझी ओळख करून देताना एक सहकारी म्हणाले, ‘‘मॅडम मराठी शिकवतात, शिवाय अनुवाद, समीक्षा आणि थोडेफार गाणे यांतही डॅबल करतात.’’ सभागृह हसले. मीही हसले. पण तो शब्द माझ्याबरोबर घरापर्यंत आला. चाळिशी उलटून गेली आहे आणि प्रबंधाची तीन प्रकरणे बारा वर्षे कपाटात पडून आहेत. शब्द वर्मी लागायला एवढे पुरेसे होते.

कोश काढला. ‘डॅबल’चा मूळ अर्थ अगदी निरुपद्रवी निघाला : हातपाय पाण्यात घालून ते हलवत राहणे, पाणी उडवणे, थोडेसे भिजणे. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत या शब्दाला एवढेच सांगायचे होते. पुढच्या शतकात त्याला दुसरा अर्थ चिकटला : एखाद्या विषयात वरवर, हौसेपुरता हात घालणे. मग कुणी राजकारणात डॅबल करू लागला, कुणी शेअरबाजारात. काठावर बसून पाणी उडवणाऱ्या मुलाचा खेळ मोठ्या माणसाचा दोष ठरला.

मराठीत नेमका प्रतिशब्द सापडेना. ‘लुडबूड’मध्ये दुसऱ्याच्या कामातली ढवळाढवळ आहे, तर ‘डुंबणे’मध्ये म्हशीची तृप्त तल्लीनता. ‘पल्लवग्राही’ अर्थाने जवळचा, पण तो झाडाच्या पालवीवरून आलेला. त्यात पाणी नाही. तसे विद्येचे आणि पाण्याचे नाते आपल्याकडेही जुनेच. अध्ययन संपल्यावर विधिपूर्वक स्नान केलेला तो ‘स्नातक’. ‘निष्णात’ या शब्दातही तेच स्नान आहे. पैलतीराला पोचलेला तो ‘पारंगत’. उलट जुन्या मराठीत ‘थिल्लर’ म्हणजे डबके. आज तेच विशेषण आपण उथळ माणसाला लावतो. कोण किती पाण्यात उतरला यावरून त्याची किंमत ठरवण्याची सवय केवळ इंग्रजीची नाही.

हे शब्द मांडत असताना एक जुनी गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने तुकारामांचे अभंग, आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि एक चित्रपटगीत असे तिन्ही एका निबंधात आणले होते. मी लाल शाईने शेरा दिला : ‘उथळ. एकच विषय घ्या.’ तिने घेतला. नीटनेटका निबंध लिहून दिला, आणि त्यानंतर आपणहून लिहिलेले काहीही मला कधी दाखवले नाही.

या जानेवारीत विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला गेले. तिथे तो शब्द पुन्हा भेटला. पक्षिशास्त्रात बदकांचे ढोबळमानाने दोन गट करतात : बुडी मारणारी आणि ‘डॅबलिंग’ करणारी. हळदीकुंकू आणि थापट्या ही दुसऱ्या गटातली. हळदीकुंकू बदक शेपटी वर आणि डोके पाण्यात अशा उलट्या अवस्थेत, मान पोचेल तिथवरचे अन्न शोधत असते. आणि पाणी उथळ असल्यामुळेच त्याची चोच तळाला पोचते! उडतानाचा फरक तर पाहण्यासारखा. बुडी मारणारी बदके बहुधा पाण्यावरून धावत जाऊन वेग घेतात. ही मात्र जागच्या जागी सरळ वर उठतात.

यावरून उथळपणाचे गोडवे गावेत असे मला म्हणायचे नाही. माझ्या प्रबंधाला बुडीच मारावी लागणार आहे, आणि ती मी टाळते आहे, हेही खरे. पण त्या मुलीने मान घालून तीन ठिकाणचा तळ चाचपला होता. तिथे तिला काय सापडले, एवढे मी विचारायला हवे होते. मी फक्त पाण्याची खोली मोजली.

असो. ती आता कुठे आहे, मला ठाऊक नाही. हल्ली निबंध तपासताना ‘उथळ’ हा शब्द लिहिण्यापूर्वी हात थांबतो. मग समासात मी एक प्रश्न लिहिते.