तीन पेल्यांतली तीन वर्षं

बोर्दोतल्या पॉयाकला पोहोचलो तेव्हा नोव्हेंबरची पिरपिर चालू होती. पानं झडलेल्या वेली रांगेने उभ्या, पायाखाली गारगोट्यांचा खच आणि पलीकडे जिरोंदचं रुंद, गढूळ पात्र. मी दिंडोरीच्या द्राक्षबागेत वाढलेला. या दगडगोट्यांत वेल जगते तरी कशी, हाच प्रश्न आधी मनात आला. यजमानांनी वाकून एक गोटा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. पावसाचं पाणी या गोट्यांमधून निथळून जातं, मुळांशी साचत नाही. दिवसभराचं ऊन ते धरून ठेवतात आणि रात्री वेलीला ऊब देतात. काबर्ने सोविन्याँ ही द्राक्षजात उशिरा पिकणारी, तिला ही ऊब लागतेच. पलीकडच्या तीरावर, पोमरोलकडे, चिकणमाती. तिथे लवकर पिकणारी मर्लो सुखाने नांदते.

कोठारातल्या लाकडी टेबलावर तीन पेले मांडले होते. शातो, म्हणजे वाइनघर, एकच, बाग तीच, सव्वादोनशे लिटरची ओक लाकडाची पिंपंही त्याच घडणीची. वेगळी होती ती वर्षं : 2009, 2010 आणि 2013. फ्रेंच लोक विंटेजला, म्हणजे तोडणीच्या वर्षाला, ‘मिलेझिम’ म्हणतात. यजमानांच्या तोंडी तो शब्द घरातल्या मुलांची नावं घ्यावीत तसा यायचा. बाटली तिरपी धरून त्यांनी तिच्या मानेखाली मेणबत्ती लावली होती. साक्याची पहिली काळी रेघ मानेशी आली की ओतणारा हात थांबायचा.

नऊचा पेला नाकाशी नेला आणि तो लगेच बोलू लागला. पिकून फुटलेलं जांभूळ, काळी मनुका, थोडासा गोडसर तंबाखू. त्या वर्षी उन्हाळाभर लख्ख ऊन पडलं आणि तोडणीच्या दिवसांतही आभाळ निवळच राहिलं. तुरटपणा होता, पण घशाला न टोचणारा.

दहा मात्र गप्प. पेला फिरवला, थांबलो, पुन्हा फिरवला. बऱ्याच वेळाने नुकतंच टोक काढलेल्या पेन्सिलीचा वास आला. घोट घेतला तर हिरडा चघळल्यासारखी जीभ आवळून आली आणि पाठोपाठ आंबटपणाची एक स्वच्छ, थंड रेघ. तेही वर्ष कोरडं, पण ऑगस्टच्या रात्री गार होत्या, म्हणून द्राक्षातला आंबटपणा टिकला. मणी लहान राहिले. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, आणि वाइनचा रंग नि तुरटपणा दोन्ही सालीतून उतरतात. लागोपाठची दोन वर्षं, दोन्ही नावाजलेली, पण स्वभावाने किती लांबची! माझ्या मते दहा अधिक थोर आहे. त्याचा दिवस मात्र अजून उजाडायचा आहे.

इथे वर्षाला एवढं महत्त्व का, हे समजायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. बोर्दोत पूर्ण वाढलेल्या वेलींना सहसा पाणी द्यायचं नाही, असाच नियम आहे. आभाळ देईल तेवढंच. आमच्याकडे एप्रिलची खरडछाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी, अशी वेल आपण हाकतो. इथे ती हिवाळाभर झोपते, जूनच्या सुमाराला फुलते आणि त्यानंतर साधारण शंभर-एकशे दहा दिवसांनी तोडणी. या शंभर दिवसांत जे घडेल ते बाटलीत जातं. 1956च्या फेब्रुवारीत अशी थंडी पडली की पोमरोल आणि सेंत-एमिलियाँकडच्या कितीतरी वेली मुळापासून गेल्या. 1945च्या मे महिन्यात गोठलेल्या दहिवराने कोवळे कोंब जाळले, पुढे उन्हाळा कोरडा गेला. पीक हाती आलं थोडंसंच, पण ते वर्ष आजही आदराने आठवलं जातं. त्याच महिन्यात युरोपातलं युद्ध संपलं होतं. मुतों-रोथशिल्ड या शातोने त्या वर्षीच्या लेबलावर विजयाचा ‘व्ही’ काढून घेतला.

तिकडे बर्गंडीत, बोनला, द्राक्षतोडणीच्या तारखांची नोंद 1354पासून सापडते. इमान्युएल ल रुआ लादुरी या इतिहासकाराने अशाच तारखांवरून जुन्या शतकांचं हवामान वाचून दाखवलं. बोनची तोडणी 1988 नंतर आधीच्या शतकांपेक्षा सरासरी 13 दिवस लवकर होऊ लागली आहे. हा आकडा वाचून मी बराच वेळ सुन्न बसलो होतो. थंड, रडवेली वर्षं आता विरळ होत चालली आहेत.

तसं रडवेलं वर्ष तिसऱ्या पेल्यात होतं. 2013चा वसंत गारठलेला आणि ओला. फुलोरा नीट धरला नाही, गळ झाली. ऑगस्टच्या सुरुवातीला बोर्दोतल्या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात गारपीट झाली. लहानपणी एका रात्री गारा पडून गेल्यावर वडील बॅटरी घेऊन बागेत गेले, तेव्हा मी त्यांच्या मागे होतो. त्यांनी फुटलेला एक घड ओंजळीत घेतला, बराच वेळ पाहिला आणि परत वेलीवर टेकवून ठेवला, जणू तो पुन्हा चिकटणार होता. गारपीट हा शब्द ऐकला की मला ती ओंजळ दिसते.

यजमान सांगत होते, पॉयाक गारांतून वाचलं, पण सप्टेंबरात कूज पसरू लागली. थांबावं तर घड नासणार, तोडावं तर काबर्ने अर्धीकच्ची. शेवटी तोडलीच. निवडणीच्या टेबलावर बायका-पुरुष ओळीने उभे राहिले आणि कुजका मणी दिसेल तसा बोटांनी काढत राहिले, दिवस मावळेपर्यंत. नऊच्या बाटलीत मला ऊन दिसलं होतं. तेराच्या बाटलीत ही बोटं दिसली.

त्या पेल्याचा रंग फिका, कडेला विटकरी. वास लाल करवंदांचा, ओल्या पानांचा. अंगाने हलका, पण कुठेही खोटा नाही.

रात्री जेवायला बसलो तेव्हा टेबलावर भाजलेलं कोकराचं मांस होतं, पाव होता आणि तिन्ही बाटल्या. दहाला कुणी हात लावला नाही. नऊ अर्धी उरली. यजमानीणबाईंनी तेराची बाटली माझ्या पेल्यावर उपडी धरली, तेव्हा तळाच्या साक्याशिवाय तिच्यात काही शिल्लक नव्हतं.