सूर्याचं पत्र आणि आवक-जावक

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

१८ ऑगस्ट आला की आमच्या जवाहरनगरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. हेलियमचा शोध आपल्या महाराष्ट्रात, विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, १८६८ साली नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने तिथल्या ‘साहेबाच्या ओट्यां’वर दुर्बिणी लावून तो लावला, अभिमान असेल तर पुढे पाठवा. खाली तिरंगा आणि जोडलेले हात.

मी बत्तीस वर्षं एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर काढली. कागद हातात आला की माझी नजर आधी तारखेवर जाते, मग सहीवर, मग शिक्क्यावर. मजकूर सगळ्यात शेवटी. या मेसेजला ना तारीख, ना सही, ना पाठवणाऱ्याचं नाव. पण त्या काळच्या शास्त्रज्ञांची पत्रं मात्र तारखेसकट जपलेली आहेत. रिटायर माणसाकडे वेळच वेळ. बसलो वाचत.

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, हे खरं. सावली दख्खनवरून पूर्व किनाऱ्याकडे गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल उभे होते, तेच ते हर्शेल घराणं, यांच्या आजोबांनी युरेनस शोधला. ढगांच्या फटीतून त्यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन होते. त्यांना त्या ज्वाळांच्या रेषा इतक्या ठळक दिसल्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसताना त्यांनी पुन्हा यंत्र लावलं आणि भर उन्हात ज्वाळा पाहिल्या. तोवर त्या फक्त ग्रहणातल्या काही मिनिटांतच दिसत. जान्सेननी पॅरिसच्या विज्ञान अकादमीला सविस्तर पत्र लिहिलं ते मात्र महिन्याने, १९ सप्टेंबरला. आणि ते गेलं बोटीने.

लॉकियर तेव्हा कुठे होते? लंडनमध्ये. हे गृहस्थ पोटापाण्यासाठी काय करायचे माहितीय? ब्रिटिश सरकारच्या युद्ध खात्यात कारकून होते! आयुध निर्माणीच्या वसाहतीत राहणाऱ्या आम्हा लोकांना यापेक्षा जवळचा शास्त्रज्ञ कुठला मिळणार? दिवसा फायली, उरलेल्या वेळात सूर्य. त्यांनी मागवलेलं यंत्र रखडत रखडत ऑक्टोबरमध्ये हातात आलं. २० ऑक्टोबरला त्यांनीही ग्रहण नसताना त्याच ज्वाळा पाहिल्या. त्यात एक पिवळी रेषा होती, सोडियमच्या रेषांच्या शेजारी, पण त्यांच्या जागेवर नाही. त्यांनी लगेच कळवलं. वॉरन द ला रू यांच्यामार्फत पत्र पॅरिसला पोचलं.

आता आमच्या टेबलाची गंमत बघा. गुंटूरकडचं पत्र आणि लंडनचं पत्र, दोन्ही अकादमीच्या एकाच बैठकीत पुढे आली. २६ ऑक्टोबर १८६८. एक महिनाभर समुद्र ओलांडून आलेलं, दुसरं आठवड्याच्या आतलं. आपल्याकडे असतं तर नारळ कोणी फोडायचा यावर दोन गट पडले असते. तिथे फाय नावाचे खगोलशास्त्रज्ञ उठले आणि म्हणाले, आशय असा, की श्रेय तोडून अर्धं-अर्धं कशाला करता, दोघांनाही पुरतं द्या. पुढे १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने पदक पाडलं, त्यावर दोघांचे चेहरे शेजारी-शेजारी.

या दोन पत्रांत हेलियमचं नावही नव्हतं. ते नाव लॉकियरनी पुढे त्या पिवळ्या रेषेवरून दिलं, ग्रीक ‘हेलिओस’ म्हणजे सूर्य यावरून. कित्येकांनी ते हसण्यावारी नेलं. १८९५ मध्ये रॅम्झेंना एका खनिजातून वायू मिळाला, त्यांनी नळ्या क्रुक्स आणि लॉकियर यांच्याकडे तपासायला पाठवल्या. क्रुक्सनी मोजून तारेने कळवलं, की हीच ती रेषा. सत्तावीस वर्षांनी सूर्यावरचा वायू जमिनीवर सापडला.

मग विजयदुर्गाचे ओटे? लॉकियर विजयदुर्गला आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तीस वर्षांच्या अंतराच्या दोन ग्रहणांची सरमिसळ करून मेसेज तयार झाला.

हे मी ग्रुपवर टाकलं तर एक जण म्हणे, "काका, अभिमानाच्या गोष्टीत कशाला खोडा घालता जी?" अरे बाप्पा, खरी गोष्ट काय कमी अभिमानाची आहे? १८९८ च्या त्याच ग्रहणाला सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे नायगमवाला आपली यंत्रं घेऊन उभे होते. आपला माणूस, पुण्यात आपली वेधशाळा असलेला. आपल्या वऱ्हाडात तळणीला अ‍ॅनी माँडर या बाईंनी सूर्याच्या प्रभामंडळाचा लांबच लांब झोत फोटोत पकडला. यांचा मेसेज कधी आला का तुम्हाला?

आणि ज्यांचं पत्र वेळेत योग्य टेबलावर पोचलं नाही, त्यांचं काय झालं तेही बघा. मद्रास वेधशाळेचे पॉगसन त्याच १८६८ च्या ग्रहणाला मच्छलीपट्टणमला होते. ती पिवळी रेषा सोडियमच्या जागेवर नीट बसत नाही, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. अहवाल मद्रासमध्ये छापला गेला, युरोपात फारसा फिरला नाही. पदकावर त्यांचा चेहरा नाही.

याच्या दहा वर्षं आधी वॉलेसनी दूर तर्नाते बेटावरून डार्विनना आपला निबंध पाठवला. दोघांना एकच गोष्ट सुचलेली. १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लिखाण एकत्र वाचलं गेलं, आणि डार्विनच्या बाजूने पुरावा काय होता? ५ सप्टेंबर १८५७ ला अमेरिकेतल्या एसा ग्रे यांना लिहिलेलं पत्र. तारखेसकट. आमच्या भाषेत, कार्यालयीन प्रत. पण वॉलेसचं मूळ पत्र हरवलं, पाकीटही गेलं. डार्विनच्या लिहिण्यावरून ते १८ जूनला आलं म्हणायचं. त्याआधी आलं होतं का, यावर अभ्यासक आजही भांडतात. एका शिक्क्याअभावी दीडशे वर्षं!

तुम्ही म्हणाल, साहेबांच्या पत्रांचं आम्हाला काय? सांगतो. माझा धाकटा भाऊ नोकरीत असताना गेला. भावजयीने पोराच्या अनुकंपा नोकरीचा अर्ज स्वतः नेऊन दिला. समोरचा म्हणाला, "ठेवा वहिनी, होऊन जाईल." पोच मागायची, हे तिला त्या दिवसांत कुठून सुचणार? पुढे उत्तर मिळालं, असा अर्ज आवकमध्ये नाही. दुसरा अर्ज दिला तो ‘मुदतीनंतर’ ठरला. पोरगा आज नागपूरला एका गोदामात रात्रपाळी करतो. त्याच्या अर्जाचा पॉगसन झाला, एवढंच मी म्हणू शकतो.

२०२५ मध्ये आपलं रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. सोय होईल, बरं आहे. पण ‘रजिस्टर केलं का?’ या प्रश्नात जो दरारा होता, तो जपायला हवा. कारण गरिबाकडे वकील नसतो, ओळख नसते. त्याच्याकडे असते ती तारीख. शास्त्रज्ञ असो की विधवा बाई, न्याय मागताना दोघांनाही तोच एक कागद लागतो: मी हे अमुक दिवशी सांगितलं होतं.

डार्विनच्या पत्रव्यवहारातली सुमारे पंधरा हजार पत्रं केंब्रिजच्या लोकांनी पन्नासेक वर्षं खपून गोळा केली, तारखा लावल्या. त्यातल्या कित्येकांवर पुरती तारीखही नव्हती. आज ती कोणीही फुकट वाचू शकतो. आपण मात्र दिवाळीच्या सफाईत आजोबांची ट्रंक रद्दीवाल्याला किलोवर देतो.

तेव्हा तीन गोष्टी करा. कुठेही अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. कोणी तोंड वाकडं केलं तर करू द्या. घरातली जुनी पत्रं फेकायच्या आधी एकदा वाचा, पाकिटासकट ठेवा. आणि मेसेज पुढे पाठवताना विचारा, हे कोणी लिहिलं, कधी लिहिलं?

तुमच्या घरचं सगळ्यात जुनं पत्र कोणत्या तारखेचं आहे? कमेंटमध्ये सांगा. मी वहीत नोंद घेतो. सवय जात नाही.