घरातलं कर्ज सगळ्यांना ठाऊक असायचं

१ जुलै १९९८ ला वाशीम वेगळा जिल्हा झाला. त्याआधी आम्ही सगळे अकोला जिल्ह्याचेच. रिसोड, मालेगाव, मानोऱ्याकडच्या खेड्यांत वाढलेल्या आमच्या पिढीला कर्ज समजलं ते घरातच. मृगाआधी बी-खतासाठी सोसायटीचं पीककर्ज निघायचं आणि किती मंजूर झालं ते रात्री जेवताना सगळ्यांसमोर बोललं जायचं. किराणा दुकानाच्या खात्यावर काय काय मांडलंय, ते आई पोरांकडून वाचून घ्यायची.

मार्च लागला की एकच घोर, ३१ तारखेच्या आत कर्ज नवं-जुनं करायचा. तूर, कापूस विकून रक्कम जमवायची, भरायची, पेरणीसाठी पुन्हा उचलायची. बाबा आम्हाला सोबत न्यायचे आणि पावती आमच्याकडूनच वाचून घ्यायचे. मुद्दल किती, व्याज किती. सावकाराचा विषय निघाला की आजा विचारायचा, "महिन्याले शेकडा तीन, तं सालाचे किती?" छत्तीस म्हणेपर्यंत सोडायचा नाही. कोणाला जामीन राहायचं तर आधी घरात विचार व्हायचा, कारण त्यानं बुडवलं तर आपल्याला भरावं लागतं, हे लहानांनाही कळत होतं.

नापिकीच्या साली हिशेब हुकायचा. तेव्हा मोठी माणसं तोंड चुकवत नसत. दुकानदाराकडे स्वतः जाऊन मुदत मागत.

आज वाशीम-कारंज्याच्या कॉलेजातल्या पोराला मोबाईलवर काही मिनिटांत कर्ज मिळतं. हप्ता लहान दिसतो, एकूण फेड किती ते तो मोजत नाही. हप्ते थकले की ३०० ते ९०० मधला सिबिलचा आकडा घसरतो आणि पुढे शिक्षणाच्या किंवा ट्रॅक्टरच्या कर्जाला तोच आडवा येतो. घरात मात्र कोणालाच पत्ता नसतो. उलट, मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज आपल्या राज्यात बिनव्याजी पडतं, हे शेतकऱ्याच्याच पोराला कोणी सांगितलेलं नसतं.

गावोगावच्या महिला बचत गटांत आजही कोणी किती घेतलं, कोणाचा हप्ता राहिला, हे सगळ्यांसमोर वाचलं जातं. घरातही तसंच व्हावं. कर्ज पोरांपासून लपवू नये, व्याजाचा हिशेब त्यांच्याच हाती द्यावा. असं वाढलेलं पोर पहिलं कर्ज घेण्याआधी घरी विचारतं, आणि अडचणीत आलं तर घरी सांगायला घाबरत नाही.