चिता आणि चैत्य

गतवर्षीं माझ्या पत्नीचें, घरांतील सर्वांच्या माईंचें, देहावसान झालें. नाशिकास रामकुंडांत अस्थिविसर्जन करून आम्ही नांदुऱ्यास परतलों, आणि महिनाभरांतच घरांत वाद उभा राहिला. मळ्यांतील विहिरीपाशीं आईचें लहानसें दगडी स्मारक करावें, असें धाकट्या मुलाच्या मनांत आलें. माझे वडील बंधु, आमचे दादा, यांनीं तें साफ नाकारिलें. आपल्यांत अस्थि जळांत सोडतात, मागें दगड ठेवीत नाहींत, हें त्यांचें म्हणणें. मी मौन धरिलें.

पुढें थोरल्या मुलाकडे पुण्यास गेलों असतां नातीसह भाज्याचीं लेणीं पाहण्याचा योग आला. मळवली स्टेशनावर उतरून पायऱ्या चढलों. बहुतेक लोक तेथील चैत्यगृह पाहूनच माघारीं फिरतात; आंत कललेले २७ अष्टकोनी खांब आणि छताच्या लांकडी कमानी पाहिल्यावर अधिक कांहीं पाहावेंसें वाटत नाहीं, हेंही खरें. मला मात्र खिळवून ठेविलें तें पलीकडच्या १४ स्तूपांनीं. पांच कातळाच्या आडोशास, नऊ बाहेर उघड्यावर. इसवी सनापूर्वींच्या काळांत येथें राहून देह ठेविलेल्या भिक्षूंचीं हीं स्मारकें. खालीं गोल चौथरा, त्यावर घुमटासारखें अंड, माथ्यावर चौकोनी हर्मिका. सर्व अखंड कातळांतून कोरलेलें. आंत शिरावयास दार नाहीं, बसावयास खोली नाहीं.

पुढें रोम शहरीं, इसवी सनापूर्वीं १८ ते १२ या वर्षांच्या दरम्यान, गायस केस्टियस नामक अधिकाऱ्याचें थडगें म्हणून सुमारें ३६ मीटर उंचीचा पिरॅमिड उभा राहिला. मृत्युपत्रान्वयें तो ३३० दिवसांत पुरा झाला, हेंही त्यावरच कोरून ठेविलें आहे. नांव आणि हुद्दे तर आहेतच. भाज्यास धम्मगिरि, संघदिन अशीं मोजकींच नांवें आढळतात. बाकी बरेच स्तूप मुके.

चिता, अस्थिसंचयन, चैत्य हे तीनही शब्द ‘चि’ म्हणजे रचणें, वेंचणें या धातूपासून निघाले, हें मीं वर्गांत किती वेळां सांगितलें असेल! अर्थ तेथें उभें राहिल्यावर उमगला. शतपथब्राह्मणांत तर मृताच्या अस्थींवर माती रचण्याचा विधि सविस्तर आहे. तो ढीग चौकोनी असावा, गोल आकार असुरांचा. स्त्रीकरितां उंची कमरेइतकी. म्हणजे पूर्वजांचा आक्षेप ढिगास नव्हता, आकारास होता! तें सर्व मीं त्याच रात्रीं दादांस पत्रानें कळविलें.

परंतु उतरतांना नातीनें विचारलें, “आजोबा, आजीच्या दगडावर नांव कोणतें घालायचें?”

मी गडबडलों. लग्नांत तांदुळांवर लिहिलेलें नांव मीं चाळीस वर्षांत क्वचितच उच्चारलें असेल. घरांत ती माई, दादांची ‘वहिनी’ही नव्हे, केवळ ‘सूनबाई’. तिचें माहेरचें नांव आठवण्यास मला पायरीवर बसावें लागलें. तें आठवलें, पण मुलीस सांगतांना स्वतःचीच लाज वाटली.

दादांचें उत्तर चार दिवसांनीं आलें. एकच ओळ होती: “चौकोनी करा, आणि कमरेहून उंच नको.”

दगड आणून विहिरीपाशीं ठेविला आहे. माहेरचें नांव घालावें असें मला वाटतें. मुलें म्हणतात, तें वाचून आई म्हणून कोण ओळखील? पाथरवट दोनदां येऊन विचारून गेला.